भूकंप, घर आणि शेजार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नायगाव येथे केलेले भाषण)



आजच्या या आनंदाच्या प्रसंगी भूकंपासारख्या विषयावर बोलावयाचे म्हणजे मंगलकार्यात अशुभाचा उच्चार केल्यासारखे आहे, असे कित्येक वडीलधाऱ्या मंडळींस वाटण्याचा संभव आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, भगिनींचे हळदीकुंकू व्हावयाचे आहे, आणि मध्येच ही धरणीकंपाची वार्ता कशासाठी? यावर आमचे उत्तर असे की, घराविषयी बोलावयास याहून योग्य वेळ आपणांस मिळणार नाही. नायगाव, भोईवाडा, परळ, लालबाग या भागांत आज ज्या कोणत्या घरी जावे तेथे चालू असलेले बोलणे नव्या घराचे आहे. कोणाची चाळ पाडावयाची आहे, कोणी संक्रमण शिबिरात गेला आहे, कोणी नव्या इमारतीच्या किल्लीची वाट पाहात आहे. आणि सुट्टीत गावी जाऊन आलेल्या मंडळींच्या तोंडी वडिलोपार्जित घराच्या डागडुजीचा विषय असतोच. एकाच पिढीत शहरातले घर आणि गावचे घर अशी दोन्ही घरे नव्याने उभी करण्याचा योग आपल्यावर आला आहे. ती कशी उभी करावीत, हे भूकंपाने ज्यांना शिकविले त्यांचा अनुभव आपण ऐकून घ्यावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्या भाषेत पृथ्वीला अचला म्हणतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर राहणाऱ्या लोकांना हे नाव खरे वाटावे यात नवल नाही. शास्त्रज्ञांचीही समजूत पुष्कळ वर्षे अशीच होती. १९६२ व १९६६ साली देशाचे जे भूकंपविषयक नकाशे तयार झाले त्यांत दख्खनचा बहुतेक प्रदेश सर्वांत कमी धोक्याचा म्हणून दाखविलेला होता. १९६७ साली कोयनेने ही समजूत खोटी ठरविली आणि १९७० साली नकाशा बदलला. १९९३ साली किल्लारी हादरली, तेव्हाही तो भाग नकाशात सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. याच नकाशात आपली मुंबईही तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. तात्पर्य हे की, नकाशा माणसे मेल्यानंतर सुधारला जातो. त्याच्यावर विसंबून घराची भिंत कच्ची ठेवणे हे शहाणपणाचे नव्हे.

कोयनेची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची आहे. पाटण, जावळी, कऱ्हाड या तालुक्यांतून गिरणीच्या धंद्यासाठी मुंबईस आलेली किती कुटुंबे या सभागृहात आहेत हे सांगणे न लगे. कोयनेवर १०३ मीटर उंचीचे धरण झाले, शिवसागर जलाशयात खोऱ्यातील गावे बुडाली, कित्येकांनी देव्हारे उचलून नवी गावठाणे गाठली. जलाशयात पाणी साठू लागल्यापासूनच त्या भागात लहान-मोठे धक्के जाणवू लागले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या पुढे, लोक गाढ झोपेत असताना, मोठा धक्का बसला. त्याची तीव्रता सुमारे ६.५ होती. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाच्या उंच भागांस भेगा पडल्या, पण धरण उभे राहिले, आणि पुढे मागील बाजूने आधार देऊन ते बळकट करण्यात आले. तो धक्का मुंबईपर्यंत जाणवला. ज्या खोऱ्याच्या विजेवर मुंबईचे कारखाने चालत होते, त्या खोऱ्यातील घरे त्या रात्री अंधारात कोसळली होती. शहराचा आणि गावाचा संबंध किती जवळचा आहे, हे त्या पहाटेइतके स्पष्ट क्वचितच झाले असेल.

जलाशयातील पाण्यामुळे धरणीकंप व्हावा कसा, असा प्रश्न स्वाभाविक आहे. भूगर्भात खडकांच्या जुन्या भेगा असतात आणि त्यांवर युगानुयुगांचा ताण साठलेला असतो. पाण्याचा भार आणि खोलवर झिरपणारे पाणी यांमुळे आधीच सरकण्याच्या बेतात असलेली भेग सरकते. ताण पाण्याने निर्माण केलेला नसतो. पाणी निमित्त होते. कोयनेचे उदाहरण आज जगभर अभ्यासले जाते. कऱ्हाडजवळ केंद्र सरकारने यासाठी स्वतंत्र संशोधनशाळा उघडली असून कोयनेच्या परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाची परीक्षा करण्यात आली आहे. परंतु इतके करूनही भूकंप अमुक दिवशी, अमुक वेळी होईल असे सांगणे कोणत्याही शास्त्रज्ञास साध्य झालेले नाही. यास्तव, कोणी तारीख-वार देऊन भूकंपाची भाकिते पसरवू लागला, तर ती आपल्या घरातून पुढे जाऊ देऊ नयेत. भूकंपाची वेळ माणसाच्या हाती नाही. भिंत मात्र माणसाच्या हाती आहे.

कोयनेच्या लोकांचे विशेष हे की, त्यांचा भूकंप एका रात्रीत संपला नाही. १९६७ नंतर आजतागायत तेथे धक्के चालूच आहेत. पाचाहून अधिक तीव्रतेचेही वीसपेक्षा जास्त होऊन गेले. तरी ते लोक खोरे सोडून गेले नाहीत. भात लावतात, लग्ने करतात, भांडी वाजली की क्षणभर अंगणात येतात आणि पुन्हा कामाला लागतात. भूकंपासह राहणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी आपणांस परदेशी जावयाची गरज नाही. भीतीत राहणे निराळे आणि सावधपणे राहणे निराळे. हा भेद त्या खोऱ्याने साठ वर्षांच्या सवयीने जाणला आहे.

आता किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी. गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन निजले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याची भूमी हादरली. तीव्रता कोयनेहून काहीशी कमीच, सुमारे ६.२. आणि मृत्यू? सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार. अन्य अंदाज याहूनही मोठे आहेत. कोयनेस १८० आणि येथे आठ हजार, हा फरक कशाने पडला? वस्ती अधिक दाट होती हे एक कारण. दुसरे कारण घराच्या भिंतीत होते.

मराठवाड्यातील ती घरे गरिबांचीच होती असे नव्हे. चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्यांचे वाडेही पडले. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती. पाहणाराला वाटावे, तोफेलाही दाद देणार नाहीत. परंतु ती जाड भिंत वास्तविक एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या अंगाला एक दगडी पदर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये मातीगोट्यांची भर. दोन्ही पदरांना आरपार जोडणारे लांब दगड घातलेले नव्हते. वर माळवद, पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती पडत गेली आणि छताचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहिला. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून फाकले, आणि वरची सारी माती निजलेल्या माणसांवर आली. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांनी भिंतीपासून स्वतंत्र तोलला होता, तेथे भिंती ढासळूनही खांब उभे राहिल्याची आणि माणसे वाचल्याची उदाहरणे दिसली.

यातील खेद वाटावयाची गोष्ट ही की, उपाय महाग नव्हता. भिंत बांधताना ठराविक अंतरावर आरपार दगड घालणे, कोपऱ्यांत भिंती एकमेकींत गुंतविणे, माळवदाची जास्तीची माती उतरविणे, आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सिमेंट-सळईचा एक सलग पट्टा फिरविणे. एवढ्याने घराचे आयुष्य आणि घरातल्यांचे आयुष्य, दोन्ही वाढतात. घोंगडीची चार टोके बांधली म्हणजे आतले धान्य सांडत नाही, तद्वत हा पट्टा चार भिंतींना एकत्र धरतो. भूकंप माणसे मारीत नाही, मोकळी सुटलेली भिंत मारते. हे एक वाक्य जरी आजच्या भाषणातून आपण घरी नेले तरी आम्ही कृतार्थ होऊ.

यानंतर पुनर्वसनाचे काम सुरू झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने हाती घेतलेली ती योजना देशातील आपल्या प्रकारची एक मोठी योजना होती. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरांचे आकार जमीनधारणेवरून ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांस ४५०, मोठ्या शेतकऱ्यांस ७५०. रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, शाळा, दवाखाने अशी आखणी झाली. घरे पक्की झाली यात संशय नाही. पण जुनी गावे दाट होती. नवी गावे त्यांच्या अनेक पट जागेवर पसरली. पूर्वी हाकेच्या अंतरावर असलेली भावकी कोठल्या कोठे गेली. शेत दूर पडले. ओसरी, बैठक, गुरांचा गोठा यांस आखणीत जागा राहिली नाही. म्हाताऱ्या माणसांना शेजारचा दरवाजा सापडेना. दगडाचे घर पडले ते पुन्हा उभे करता येते. शेजार विस्कटला तर तो कोणत्या मिस्त्रीने बांधावा?

याच योजनेचा दुसरा भाग मात्र फार बोधप्रद आहे. जी घरे पडली नाहीत परंतु खिळखिळी झाली, अशा तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती मालकांनी स्वतः करावयाची, सरकारने पैसा व तांत्रिक सल्ला पुरवावयाचा, असे ठरले. या कामी ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांस संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. या संस्थेच्या संस्थापिका प्रेमा गोपालन यांचे २०२२ साली निधन झाले. चूल सांभाळणाऱ्या या स्त्रियांनी हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती लागते, पट्टा कोठून फिरवावा हे शिकून घेतले आणि शेजारणींस समजावून दिले. ज्या घरात दिवसाचे चोवीस तास राहावयाचे त्याच्या भिंतीविषयी गृहिणीचे मत कोणी पूर्वी विचारले नव्हते. किल्लारीच्या संकटाने ते विचारावयास लावले. आपल्या महिला शाखेने या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

गावाची गोष्ट झाली, आता नगराची. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये झालेल्या भूकंपाची आठवण आपल्या परिसरातील कच्छी व्यापारी बांधवांच्या घरी अजून ताजी आहे. त्याची तीव्रता सुमारे ७.७ होती. या मोजमापात एक अंक वाढला म्हणजे बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीस पटींनी वाढते, हे ध्यानी घेतले म्हणजे किल्लारीपेक्षा तो किती प्रचंड होता याची कल्पना येईल. तेरा हजारांहून अधिक माणसे गेली. अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडली गेली. भूज शहराची पुन्हा आखणी करताना म्हणूनच रस्ते रुंद करण्यात आले. त्यासाठी जागामालकांच्या प्लॉटमधून जमीन घ्यावी लागली. परंतु अगदी लहान प्लॉटवाल्याकडून काही न घेता आणि मोठ्याकडून अधिक घेऊन ती आखणी केली गेली. नगर नव्याने बसविताना त्याग सर्वांनीच करावयाचा असतो, पण तो ऐपतीप्रमाणे वाटला गेला तरच लोक तो मनापासून करतात.

आम्हां मुंबईकरांना याहून जवळचा धडा अहमदाबादचा आहे. ते शहर भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही तेथे कित्येक बहुमजली इमारती कोसळून शेकडो लोक मेले. पडलेल्यांपैकी पुष्कळ इमारती जुन्या नव्हत्या. तळमजला मोटारी ठेवण्यासाठी मोकळा, केवळ खांबांवर उभा. वरचे मजले भिंतींनी भरलेले व जड. धक्का बसताच साऱ्या इमारतीचे हेलकावे त्या तळच्या खांबांनी सोसावयाचे, आणि त्यांत पुरेशी सळई नसली की ते मोडावयाचे. नवी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत असे समीकरण कोणी मनात धरू नये.

हा धागा आता नायगावशी जोडावयास हवा. मुंबई सरकारच्या विकास विभागाने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी ४२ आपल्या नायगावात. तळमजला व वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. या खोल्यांतून गिरणीकामगार राबला, मुले शिकली, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाजल्या. एप्रिल २०१७ मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही गोष्ट आनंदाची आहे. शंभर वर्षांच्या चाळीतून बाहेर पडणाऱ्याला जुन्याचा मोह धरावयास सांगणे हा अन्याय होईल.

परंतु विचार करा. आपल्या वस्तीत धक्का बसलेला नाही, तरीही एक संबंध वस्ती उतरवून पुन्हा उभारली जात आहे. किल्लारी-भूजच्या लोकांना विचार करावयास सवड मिळाली नव्हती. प्रेते उचलता-उचलता त्यांना नकाशे पाहावे लागले. आपणांस सवड आहे. ती आपण कशी वापरणार?

पहिली गोष्ट, प्रश्न विचारावेत. इमारत चाळीची असो वा खाजगी पुनर्विकासाची, रहिवाशांच्या सभेत फरशी कोणत्या रंगाची व नळ कोणत्या कंपनीचे यांवर तासन्‌तास चर्चा होते. तेथेच एकाने उठून विचारावे की, भूकंपासाठी इमारतीचा हिशेब कोणी केला? वाहनतळाच्या मजल्यावर आडव्या धक्क्यासाठी काय योजना आहे? खांबांतील उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ आहेत काय, आणि त्यांची टोके आत वळविलेली आहेत काय? रिंगेचे टोक आत वळविलेले नसेल तर धक्क्यात ती उघडते आणि खांब फुटतो. हा प्रश्न विचारावयास अभियंता असावे लागत नाही. प्रश्न विचारणारा रहिवासी आहे हे कळले म्हणजे कामावरची माणसेही जपून वागतात.

दुसरी गोष्ट, घर ताब्यात आल्यावर त्यास इजा करू नये. खोली मोठी व्हावी म्हणून भिंत पाडणे, खांब तासणे, गच्चीवर परवानगीवाचून टाक्या चढविणे, जिन्यात कपाटे व सायकली कोंबणे, हे आपले नित्याचे उद्योग आहेत. उंच कपाटे भिंतीस पक्की बांधावीत. पोटमाळ्यावरील जड ट्रंका पलंगाच्या वर ठेवू नयेत. धक्का जाणवल्यास मजबूत टेबलाखाली बसावे, लिफ्ट वापरू नये, आणि धक्का थांबल्यावर गॅस बंद करून जिन्याने उतरावे. हे मुलांना पाढ्यांसारखे पाठ असावे.

तिसरी गोष्ट, गावचे घर. चार भाऊ मिळून वडिलोपार्जित घराची डागडुजी करतात तेव्हा पैसा बहुधा टाईल्स आणि रंगावर जातो. त्यातला थोडा भाग आरपार दगडांवर आणि भिंतींच्या पट्ट्यावर खर्च करावा. आई-वडील ज्या खोलीत निजतात तिच्यापासून आरंभ करावा. रंगाने घर दिसते. पट्ट्याने ते टिकते.

चौथी गोष्ट शेजाराची. संकटाच्या पहिल्या घटकेत ढिगाऱ्याखालून माणसे काढतात ती शेजारची माणसे; बाहेरची मदत मागाहून येते. किल्लारीतही असेच झाले. चाळीच्या व्हरांड्यात कोणत्या खोलीत कोण आजारी आहे, कोणाची मुले एकटी आहेत, हे सर्वांस ठाऊक असते. बंद दरवाजाच्या उंच इमारतीत हे ज्ञान आपोआप राहात नाही. ते प्रयत्नाने राखावे लागते. प्रत्येक मजल्यावरील वृद्ध, अपंग व एकट्या माणसांची यादी करावी, वर्षातून एकदा सर्वांनी जिन्याने खाली उतरण्याचा सराव करावा. आणि ही यादी केवळ आपल्या ज्ञातीची नसावी. भूकंप दारावरील आडनाव वाचून येत नाही. किल्लारीत एकाच ढिगाऱ्याखाली सर्व आळ्यांची माणसे सापडली. ज्ञातीचे मंडळ चालविणाऱ्यांनी हे इतरांहून अधिक लक्षात ठेवावयास हवे. आपल्या संघटनेचा उपयोग शेजाऱ्याला झाला तरच ती संघटना शोभते.

मंडळाच्या चालकांस आमच्या दोन सूचना आहेत. ज्ञातीतील जे तरुण स्थापत्यशास्त्र शिकले आहेत, त्यांनी वर्षातून दोन रविवार सभासदांच्या शंकांचे निरसन करण्यास द्यावेत. आणि मंडळाच्या साहाय्यनिधीतून दरवर्षी एका गरजू कुटुंबास गावच्या घराचा पट्टा बांधण्यापुरती मदत द्यावी. रक्कम लहान असेल. पण शिष्यवृत्तीने मूल शिकते तसे या मदतीने ते मूल जगेल, एवढा तिचा मोठा अर्थ आहे.

आपल्या पूर्वजांनी कोयनेच्या काठची घरे सोडून या नगरीत दहा-बाय-सोळाच्या खोलीत संसार थाटले आणि त्या खोलीतूनच गावाकडे मनिऑर्डरी पाठविल्या. त्यांनी एकाच वेळी दोन घरे सांभाळली. आपणांस ती दोन्ही नव्याने बांधावयाची आहेत. भिंतीला भिंत जोडलेली असावी आणि माणसाला माणूस. यांपैकी एक जोड सुटली तरी घर धोक्यात येते. नव्या घरी जाताना देव्हाऱ्याबरोबर एवढी गोष्ट आपण घेऊन जावी, अशी आमची प्रार्थना आहे.